वळणावर टोपी

पहाटे चारला ट्रकला फाळ जोडतो
आणि रात्रभर साचलेला बर्फ नांगरत निघतो,
बंदरापासून वर, शेवटच्या घरापर्यंत.
योरुनची वृद्धाश्रमात रात्रपाळी असली
की रग्नाला घरी एकटं ठेवता येत नाही.
मग ती शेजारच्या सीटवर,
माझ्या जाकिटात गुंडाळलेली,
मांडीवर पावाचा डबा, वय वर्षं पाच.
डिसेंबरात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही.
पहाट म्हणजे घड्याळातला आकडा.

योरुन म्हणते, पोरीला एखादी प्रार्थना शिकव.
माझ्या बापानं मला शिकवली होती,
शब्द चुकला की कानाची पाळी पिरगाळून.
अजून एकही शब्द विसरलेलो नाही.
म्हणताना कान तेवढा लाल होतो.
म्हणून आज नको, उद्या,
असं करत दोन हिवाळे गेले.

पोरगी मात्र शिकतच होती.
स्टूरबक्कनच्या चढावर चाक रुतलं
तेव्हा मी जे काही बोललो,
ते आठवड्याभरानं तिनं लापशीच्या भांड्याला ऐकवलं,
शब्द न् शब्द, सुरासकट.
योरुननं माझ्याकडे पाहिलं,
मी खिडकीबाहेर.

तो चढ संपतो तिथं वळण आहे.
खाली चर्च, चर्चला लागून दफनभूमी,
थडग्यांपाशी कुणीकुणी ठेवलेले कंदील
बर्फात अर्धे बुडून मिणमिणत असतात.
गेल्या मंगळवारी त्या वळणावर
रग्नानं लोकरी टोपी काढली,
मांडीवर ठेवली, श्वास धरला.
वळण सरलं तशी टोपी पुन्हा कानांवर ओढली.

थंडी वाजेल ना गं.

तुला कुठं वाजते? तू तर रोज काढतोस.

मनात काय म्हणतेस तेव्हा?

काही नाही. तूपण काही म्हणत नाहीस.
नुसतं त्याला दिसायला पाहिजे ना,
आपण आलोय म्हणून.

आता हिला कसं सांगायचं,
की चढावर इंजिन तापतं,
हीटरचा झोत नेमका माथ्यावर येतो,
आणि सतरा वर्षांची ही टोपी
तिथंच खाजायला लागते.
काढतो, खाजवतो, घालतो.
एवढीच माझी भक्ती.

सांगायला तोंड उघडलं होतं मी.
पण ती केव्हाच पुढं गेली होती:
आणि ओडवारच्या फाटकाशी तू फाळ वर घेतोस,
त्याच्या दारात बर्फाचा बांध पडू नये म्हणून.

ओडवारशी मी सहा वर्षं बोललेलो नाही.
एक होडी होती, दोघांचे पैसे होते, जाऊ दे.
फाटकाशी बर्फाखाली दगड आहे,
त्यानं एकदा माझं पातं मोडलं होतं.
म्हणून फाळ वर.

आई म्हणते त्याला फावडं उचलत नाही आता,
रग्ना पाव चावत म्हणाली.

हे मला ठाऊक नव्हतं.

काल ओडवारचं फाटक आलं.
फाळ उचलला, दगड ओलांडला,
गाडी थांबवली, सीटमागचं फावडं काढलं
आणि फाटकापासून पायरीपर्यंत वाट केली.
अर्धी वाट होईतो शिव्याच येत होत्या तोंडात,
त्या गिळल्या, कारण मागं काचेला
एक नाक चिकटलेलं होतं.
वर दिवा लागला. पडदा हलला.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
हात झटकून चढून बसलो.

मग चढ. मग वळण.
खाली कंदील, काल होते त्याहून एक जास्त.
तिची टोपी तिच्या मांडीवर,
माझी माझ्या.
ती डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बघतेय.
ऐकणारा कुणी आहे की नाही, देव जाणे,
पण आलोय आम्ही, दोघं.

डोकं भयंकर खाजतंय.
दोन्ही हात स्टिअरिंगवर.